भाऊसाहेबांचा डबा

माणसाने घरात कुत्रा पाळावा, मांजर पाळावे, पोपट पाळावा, अगदीच हौस असेल तर मेव्हणाही पाळावा. पण जेवणाच्या बाबतीत ज्याला स्वतःची ठाम मते आहेत असा प्राणी शक्यतो पाळू नये. कुत्रा शिळी पोळी खातो आणि वर शेपूट हलवतो. मांजर दूध पिऊन मिशा पुसते. मेव्हण्याबद्दल तर बोलायलाच नको. या सर्वांचा अनुभव गाठीशी असलेला मनुष्य जेव्हा मासा पाळायला घेतो, तेव्हा त्याची समजूत अशी असते की मासा म्हणजे काय, चिमूटभर दाणे टाकले की संपले! ही समजूत मासे विकणाऱ्या दुकानदाराचीही असते. फक्त माशाची नसते.

आमच्या घरी जो मासा आहे त्याला फायटर म्हणतात. हा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तिकडे या माशांच्या झुंजी लावतात. दोन नर एका भांड्यात ठेवले तर एकमेकांच्या चिंध्या करतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यावी लागते. जव्हारच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात स्वतंत्र खोली असलेला हा एकमेव सभासद. कन्येच्या वाढदिवसाला नाशिकहून, त्र्यंबक-मोखाडा करत, एस. टी. त मांडीवर पिशवी धरून मी त्याला आणला. निळा-जांभळा अंगरखा, मागे लोळणारे लांबच लांब पर, आणि शाल-श्रीफळ स्वीकारायला निघालेल्या संमेलनाध्यक्षाची चाल. कन्येने पाहताक्षणी नाव ठेवले, भाऊसाहेब.

भाऊसाहेबांपुढे पहिला दाणा टाकला. त्यांनी तो तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि थुंकून टाकला. संशयास्पद नोट हाती आली की आमचा कॅशियर ती उजेडाकडे धरतो आणि काही न बोलता काउंटरवरून परत सरकवतो, अगदी तसे. दुसरा दाणा, तिसरा दाणा, तेच. तीन दिवस हा प्रकार चालला. चौथ्या दिवशी मी नाशिकला दुकानदाराला फोन लावला.

“साहेब, बहुतेक नगांना दाण्यांची सवय होते. काही काही नगांना होत नाही. त्यांना हलणारं लागतं.”

“हलणारं म्हणजे?”

“म्हणजे जिवंत.”

हा शब्द सौ.ने ऐकला. आमच्या घरात केक आला तरी तो अंड्याचा की बिनअंड्याचा हे दोनदा विचारून मगच कापतात. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर असतात. मला वाटले, आता भाऊसाहेबांची परतीची एस. टी. पाहावी लागणार. पण सौ. भांड्याजवळ गेली, दोन मिनिटे त्या सुकत चाललेल्या अध्यक्षांकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, म्हणून काय उपाशी ठेवणार आहात त्याला?”

शाकाहार आणि अन्नदान ही दोन्ही पुण्ये एकाच चुलीवर शिजत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

भाऊसाहेबांचीही बाजू आहे. त्यांचे पूर्वज भाताच्या खाचरांतून आणि डबक्यांतून राहिले. तोंडाची ठेवणच वर वळलेली. पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या जवळ जे वळवळते ते टिपायचे, हा पिढीजात धंदा. वळवळत नाही ते अन्न नव्हे, अशी त्यांची अन्नाची व्याख्या आहे. आपलीही व्याख्या फार वेगळी नाही. जे वळवळते ते अन्न नव्हे, एवढाच काय तो फरक.

मग आमच्या घरी जिवंत अन्नाचा अभ्यास सुरू झाला. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे प्रत्येक पर्यायाची कोटेशने मागवावीत तशी माहिती गोळा केली. पहिला पर्याय ट्युबिफेक्स. हे केसासारखे बारीक लाल किडे असतात. मुंबईत मत्स्यालयाच्या दुकानांतून वाटीवर विकत मिळतात आणि वाढतात गटाराच्या गाळात. सौ. म्हणाली, “गटार घरात नको.” दुसरा आर्टेमिया. ही खाऱ्या पाण्यातली कोलंबीची चिमुकली चुलत बहीण. हिची अंडी वाळवून डबाबंद मिळतात. मिठाच्या पाण्यात घालून हवेचे बुडबुडे सोडले की एक-दीड दिवसात पिल्ले निघतात. ही अंडी कित्येकदा अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. म्हणजे माशाचा डबा अमेरिकेहून! माझा स्वतःचा डबा दुपारी घरून बँकेत वेळेवर येत नाही. तिसरा पर्याय गांडूळ. पण गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, आणि खुद्द डार्विनने १८८१ साली त्याच्यावर आख्खे पुस्तक लिहिलेले. ज्याच्यावर पुस्तक निघाले आहे त्याचे तुकडे करायला आमची सुरी धजेना.

चौथा पर्याय फुकट होता. बादलीभर पाणी, त्यात चार सुकी पाने, आणि ती बादली मागच्या पडवीत उघडी ठेवायची. बाकी सर्व व्यवस्था डास स्वतः करतात.

गेल्या वीस वर्षांत उदबत्त्या, मलम, मच्छरदाण्या आणि ती फटफट आवाज करणारी बॅट यांच्यावर मी जो खर्च केला, तो सगळा डासांना हाकलण्यासाठी. आता मी सकाळी उठून दात घासायच्या आधी पडवीत जाऊन पाहू लागलो, की मंडळी आली का? तिसऱ्या दिवशी पाण्यावर काजळीच्या कणांएवढा एक तराफा दिसला. क्युलेक्स जातीच्या डासाची मादी एका वेळी शे-दोनशे अंडी अशी एकमेकांना चिकटवून पाण्यावर सोडते. पुढे अळ्या निघाल्या. डोके खाली, शेपटीकडची नळी वर, ती नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेत लटकलेल्या. अंडी दिसताच बादलीवर जुन्या धोतराचे फडके दोरीने घट्ट बांधायचे, रोज गाळणीने लागतील तेवढ्या काढायच्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उरलेले सगळे पाणी कडक उन्हात फरशीवर ओतायचे, असा नियम पहिल्यापासून होता. कारण अळीचा आठवड्याभरात स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष होतो, आणि त्या स्वल्पविरामानंतर दोन दिवसांनी जे वाक्य सुरू होते ते आपल्या कानाशी.

भाऊसाहेबांनी पहिली अळी पाहिली आणि त्यांच्या अंगरख्याचा रंग बदलला. झडप, गट्ट. दुसरी. तिसरी. कन्येने टाळ्या वाजवल्या. सौ.ने पाठ फिरवली, पण कान इकडेच होते. “किती खाल्ल्या?” तिने विचारले. पाहुणा शाकाहारी असो वा नसो, किती जेवला हे विचारल्याशिवाय आमच्याकडे पंगत पुरी होत नाही.

इथपर्यंत सगळे ठीक होते. घोटाळा तत्त्वज्ञानाने केला.

आमच्या शेजारी इतिहासाचे एक निवृत्त मास्तर राहतात. रोज संध्याकाळी आम्ही दोघे शिरपामाळावर फिरायला जातो. त्यांना मी हा सगळा प्रकार सांगितला आणि म्हटले, “मास्तर, एकाला जगवायला रोज पंधरा-वीस मारायच्या. हे बरोबर आहे का?”

“अहो साहेब, निसर्गच आहे तो,” मास्तर म्हणाले. (जव्हारला बँकेतल्या कोणालाही साहेब म्हणतात. मुंबईच्या शाखेत मला ‘ओ’ म्हणत.) “मोठा लहानाला खातो. त्यात बरोबर-चूक काय? हिशेब आपोआप जुळतो.”

हिशेब हा शब्द बँकेतल्या माणसापुढे जपून वापरावा. हिशेब जुळणे म्हणजे काय, हे आम्हांला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी; एकाच्या खात्याला जमा, दुसऱ्याच्या खात्याला नावे. सगळ्या जमांची बेरीज आणि सगळ्या नाव्यांची बेरीज सारखी आली की ट्रायल बॅलन्स जुळला. आणि मग सर पुढचे वाक्य सांगतात, ते निम्मा वर्ग ऐकत नाही: ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे नोंदी बरोबर आहेत असे नव्हे. एका जोश्यांचे पैसे दुसऱ्या जोश्यांच्या खात्यातून कापले, तरी बेरीज तंतोतंत जुळते. फक्त तो दुसरा जोशी काउंटरवर येऊन उभा राहतो.

निसर्गाचा ट्रायल बॅलन्स नेहमीच जुळतो. वाघ जेवला की हरीण वजा होते, बेरीज ठीक. पण म्हणून माणसाचा प्रश्न सुटत नाही. दया करणारा मी, ती जमा झाली भाऊसाहेबांच्या खात्यात, आणि नावे कोणाच्या पडली? मला वाटते भूतदयेविषयी आपण जे काही बोलतो ते बहुतेक जमेच्या बाजूचे असते. कावळ्याला घास, मुंग्यांना साखर, कबुतरांना दाणे. नाव्याची बाजू उघडून पाहायची सवय आपल्याला नाही.

ती बाजू पहिल्यांदा उघडली आरोग्यसेवकाने. आमच्या भागात हिवताप हा काही पुस्तकातला आजार नाही. त्यामुळे हा गृहस्थ घरोघर फिरतो, पिंपे-हौद बॅटरीने तपासतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतो, आणि विहिरींत, टाक्यांत गप्पी मासे सोडतो. (गप्पी हे नाव गप्पांवरून आलेले नाही. त्रिनिदादला रॉबर्ट गप्पी नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकात हे मासे ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले, म्हणून ते नाव.) तर या आरोग्यसेवकाने पडवीतले फडके बांधलेले पाहिले. खूश होऊन म्हणाला, “वा साहेब, पाणी झाकून ठेवलंय!” आणि मग फडके सोडून आत बॅटरी मारली.

बराच वेळ तो काही बोलला नाही.

“साहेब,” शेवटी तो म्हणाला, “सरकार अळ्या खायला मासे सोडतं, आणि तुम्ही मासे जगवायला अळ्या सोडता?”

मी त्याला माझी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. फडके, दोरी, गाळणी, चौथा दिवस. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सगळं चोख आहे. पण फडकं एक दिवस फाटेल, किंवा तुम्ही लग्नाला गावी जाल. त्यातला एक जरी उडाला, तर तो तुमच्याच घरी चावेल असं काही लिहून घेतलंय का त्याच्याकडून?” आणि जाता जाता सांगून गेला, की काही डासांची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन् महिने टिकतात, तेव्हा नुसते पाणी ओतू नका, बादली घासून काढा.

या माणसाला कॉलेजात कोणी जमाखर्च शिकवला नसेल, पण जो प्रश्न मला चार दिवस पकडता येत नव्हता तो त्याने एका वाक्यात पकडला. हौस माझी, मासा माझा, आणि तारण म्हणून ठेवली शेजाऱ्याची तब्येत. कर्ज मी घ्यायचे आणि जामीन त्याला न विचारता त्याला करायचे. बँकेत असे कोणी केले तर त्याला आम्ही फार कडक नावाने ओळखतो.

त्या संध्याकाळी शिरपामाळावर मी हे मास्तरांना सांगितले. शिरपामाळ तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, जव्हार गावाजवळचे हे मोकळे पठार. १६६४ च्या जानेवारीत सुरतेची पहिली लूट झाली. त्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना इथे शिरपेच दिला, आणि त्या शिरपेचावरून माळाचे नाव शिरपामाळ पडले, असे सांगतात. आता तिथे स्मारक आहे, वारा आहे, आणि आम्ही दोघे आहोत. त्यामुळे मास्तरांचे कुठलेही बोलणे या माळावर आले की आपोआप सुरतेकडे वळते.

“सुरतेचंच सांगतो तुम्हांला,” मास्तर म्हणाले. “जॉन ओविंग्टन म्हणून एक इंग्रज पाद्री होता. त्याचं सुरतेच्या प्रवासाचं पुस्तक १६९६ साली निघालं. त्यात तिथल्या जनावरांच्या इस्पितळाचं वर्णन आहे. म्हाताऱ्या गाई, लंगडे घोडे, बकऱ्या, सगळ्यांची सोय. आणि त्याच्याजवळच आणखी एक जागा, ढेकूण आणि पिसवांसाठी.”

“ढेकणांसाठी इस्पितळ?”

“आश्रम म्हणा. पण ढेकूण काय खाणार? गवत खात नाही. म्हणून अधूनमधून एखादा गरीब माणूस पैसे देऊन आणायचा आणि रात्रभर त्या खाटेवर झोपवायचा. चावे असह्य होऊन मध्येच पळून जाऊ नये म्हणून त्याला खाटेला बांधून ठेवत, असं लिहिलंय त्यानं.”

वारा सुटला होता तरी मला एकदम अंगाला खाज सुटली.

परक्या देशातला पाद्री, त्याच्या लिहिण्यात थोडे तिखटमीठ असेलही. त्या धर्मशील मंडळींची करुणा खोटी होती असेही मी म्हणणार नाही. ढेकणाचाही जीव जीवच, एवढे मानायला फार मोठे मन लागते. पण जमाखर्चाचा विद्यार्थी म्हणून माझी नजर त्या खाटेवरच्या माणसावर जाते. पुण्य जमा झाले शेटजींच्या खात्यात, जेवण जमा झाले ढेकणांच्या खात्यात, आणि नावे पडले ते ज्याला त्या रात्री दुसरे काही विकायला नव्हते त्याच्या. बेरीज मात्र जुळली.

हा प्रकार फक्त धर्माच्या नावाने होतो असे नाही. विज्ञानाच्या चोपडीतही ही नोंद आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढे १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याने अळ्यांपासून वाढवलेल्या त्या डासांना जेवायला रक्त लागत होते, तेही हिवतापाच्या रोग्याचे. ते दिले हुसेन खान नावाच्या रोग्याने. दर दर डासामागे एक आणा! जगातल्या इतक्या माणसांचे प्राण ज्या शोधाने वाचले त्याच्या नाव्याच्या बाजूला काही आण्यांची ही नोंद आहे. इथे निदान व्हाउचर तरी आहे. नाव आहे, दर आहे, आणि ज्या रोगाने तो माणूस फणफणत होता त्याच रोगाचा शोध होता. त्यामुळे ही नोंद मला सुरतेच्या खाटेपेक्षा पुष्कळ बरी वाटते. तरी ती सोपी वाटत नाही.

“आणि आपला शिबी राजा?” मास्तर म्हणाले.

शिबीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर आले, राजाने अभय दिले. लहानपणी आपले लक्ष कबुतराकडे असते. चाळिशीनंतर ससाण्याकडे जाते. कारण महाभारतातला तो ससाणा अगदी बिनतोड बोलतो: तू याला वाचवलेस, पण माझे जेवण काढून घेतलेस, मी मेलो तर माझी पोरेबाळे मरतील, मग तुझा हा कसला धर्म? म्हणजे ससाण्याने राजाला नाव्याची बाजू दाखवली. आणि शिबीचा मोठेपणा असा की त्याने ती नोंद दुसऱ्या कोणाच्या खात्यात ढकलली नाही. स्वतःचे मांस कापून तराजूत टाकले. खात्यातली शिल्लक पुरेना तेव्हा खातेदार स्वतःच पारड्यात चढून बसला.

घरी येऊन मी हे सौ.ला मोठ्या भारावून सांगितले. ती म्हणाली, “मग घाला की भांड्यात बोट. बघा खातो का.”

शिबी होणे आपल्या आवाक्यातले नाही, हे कबूल. पण शिबी आणि सुरतेची खाट यांच्यामध्ये बरेच मोठे मैदान आहे, आणि आपण सगळे तिथेच कुठेतरी राहतो. तेव्हा निदान आपले तोंड कुठल्या दिशेला आहे एवढे तरी पाहावे.

बादली मी घासून पालथी घातली. पुन्हा उपास सुरू झाला. पुन्हा दाणे टाकणे आणि पुन्हा थुंकणे. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी खाली उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या जव्हारजवळच्या एका पाड्यावरून येतात.

“काय झालं याला?” त्यांनी विचारले.

“आवडत नाही त्याला,” कन्या म्हणाली.

मावशी हसल्या. रागाने नाही, खरोखरच गंमत वाटून हसल्या. म्हणाल्या, “ज्याला दुसरं ताट असतं ना बाई, त्यालाच आवडत नाही म्हणता येतं.”

१९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी जव्हार-मोखाड्याचे नाव देशभर झाले. तोवर पुष्कळांना हे तालुके नकाशावर दाखवता आले नसते. इथे पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर बायका हंडे घेऊन लांबवर जातात. माझ्या काउंटरवर मजुरीचे पैसे काढायला माणसे येतात, तेव्हा स्लिपवरचा आकडा पाहून मला कधीकधी तो दोनदा वाचावासा वाटतो. अशा गावात एका माशाच्या आवडीनिवडीसाठी मी नाशिक ते युटा कोटेशने मागवत होतो. याचा अर्थ मासा पाळू नये असा मी काढत नाही. भाऊसाहेबांना उपाशी मारल्याने पाड्यावरच्या कोणाच्या ताटात घास पडणार नाही. पण मावशींचे वाक्य मी ऐकले, आणि ते खातेवहीच्या कुठल्या पानावर लिहायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. एवढे मात्र समजले, की नखरा हा स्वभाव नसून परिस्थिती आहे. भाऊसाहेबांचा नखरा भाऊसाहेबांचा नव्हताच, तो आमचा होता. भाताच्या खाचरात असते तर त्यांना दुसरे ताट कोणी वाढले असते?

शेवटी तोडगा निघाला तो तळ्यातून. गावाबाहेरच्या एका तळ्याच्या कडेला, हिरवट पाण्यात, ठिपक्यांएवढे जीव उड्या मारताना दिसतात. शाळेतल्या शास्त्राच्या बाईंनी ओळखून दिले, की हा डाफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू. नाव पिसू, पण चावत नाही, उडून शेजाऱ्याकडे जात नाही, रोग आणत नाही. फडक्याने गाळून आणायचे, त्यात चतुराच्या अळ्या वगैरे गुंड मंडळी आली नाहीत ना हे पाहायचे, आणि उन्हात ठेवलेल्या हिरव्या पाण्याच्या पिंपात सोडायचे. ते हिरवे शेवाळ हेच त्यांचे अन्न. पाणी फिके पडले तर पाव फुगवायच्या यीस्टचे चिमूटभर दूधपाणी. यांच्यात गंमत अशी, की खाणेपिणे चांगले असेपर्यंत पिपात सगळ्या बायकाच असतात आणि त्या नवऱ्याशिवायच पिल्ले घालतात. नर जन्माला येतात ते हवामान बिघडले, टंचाई आली की. सौ.ला ही व्यवस्था मनापासून पसंत पडली. “संकट आलं की मगच पुरुष दिसतात. आपल्याकडं उलट आहे,” ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी पिसवा स्वीकारल्या. आता रोज सकाळी मी आधी पिसवांना वाढतो आणि मग पिसवा भाऊसाहेबांना वाढतो. जे जेवणार आहे त्यालाही मीच पोसतो आणि जे जेवले जाणार आहे त्यालाही.

इथे लेख संपवता आला असता. शेजारी सुरक्षित, मासा तृप्त, आरोग्यसेवक खूश. ट्रायल बॅलन्स जुळला. पण माझ्याकडे एक भिंग आहे. पूर्वी चेकवरच्या सह्या पडताळायला मी ते वापरत असे. सह्या संगणकावर दिसू लागल्यापासून ते घरीच पडून असते. एका रविवारी एक पिसू काचेच्या तुकड्यावर थेंबभर पाण्यात घेऊन मी भिंगातून पाहिली. डाफ्निया पारदर्शक असते. तिचे हिरवे आतडे दिसले. पाठीच्या पिशवीत दोन-चार पिल्ले दिसली. आणि वरच्या बाजूला काहीतरी अतिशय वेगाने फडफडत होते. ते तिचे हृदय होते.

मी सौ.ला बोलावले. तिने पाहिले. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, “हिला नाव नका हं ठेवू. नाव ठेवलं की वाढणं जमायचं नाही.”

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचा फरक आहे, आणि आमचा सगळा धर्म-अधर्म त्या एका मात्रेवर चालतो असे मला आता वाटते. ज्याला नाव ठेवले तो घरचा, त्याच्यासाठी एस. टी. ने नाशिकला जायचे, त्याच्या उपासाने आपले जेवण गोड लागत नाही. ज्याला नाव नाही तो आकडा. रोज पंधरा, रोज वीस. सुरतेच्या त्या खाटेवरच्या माणसाचे नावही कोणी लिहून ठेवलेले नाही. हुसेन खानाचे ठेवले, म्हणून तर त्याच्याविषयी आज आपण बोलू शकतो.

ती पिसू मी त्या दिवशी पिपात परत सोडली. फार मोठे पुण्य केले असे नाही. दुसऱ्या दिवशी गाळणीत तीच आली असेल तर मला ओळखता आली नसती. पण तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. भाऊसाहेबांना लागेल तेवढेच गाळतो, चिमूटभरही जास्त नाही. आणि वाढताना नजर दुसरीकडे वळवत नाही. वळवली की नोंद एकाच बाजूला राहते.

पिसवांच्या खात्यात जे नावे पडते ते कशाने भरून निघेल, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. बँकेत अशा रकमेसाठी एक सोय असते. जी रक्कम कुठल्या खात्यात टाकावी हे ठरत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. हे खाते फार दिवस उघडे ठेवू नये, लवकर निकालात काढावे, असे वरून परिपत्रक येते, आणि ऑडिटर आला की आधी तेच पान उघडतो. बँकेच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण घरच्या वहीत हे एक खाते उघडे असलेले बरे, अशा मताला मी आलो आहे. ‘निसर्गच आहे’ म्हणून ते बंद करणारा माणूस रात्री शांत झोपतो. त्याच्या मागच्या पडवीतली बादलीही शांतच असते. तिच्यावर फडके बांधले आहे की नाही हे मात्र त्याच्या शेजाऱ्याला आधी कळते.